शून्याचं टोक

मी मूळची पहूरकडची. लग्न झालं आणि साक्रीच्या पश्चिमेला एका गावात शिक्षिका म्हणून आले, ती तिथेच मुरले. आमच्याकडची बोली वेगळी, इकडची अहिराणी वेगळी. पहिली दोन वर्षं पोरं माझ्या बोलण्याला हसायची आणि मी त्यांच्यावर चिडायची. पोरांचं हसणं थांबलं, माझं चिडणं तेवढं टिकलं. माझा आवाज आला की व्हरांडा रिकामा होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. होता, असं म्हणतेय.

मागच्या हिवाळ्यात वरून पत्र आलं. मुलांना वर्गाबाहेर न्या, ऐतिहासिक स्थळ दाखवा, प्रत्यक्ष कृतीतून शिकवा, आणि फोटो पाठवा. अशा पत्रातलं शेवटचं वाक्यच खरं असतं हे आम्हाला पाठ आहे. बाकीच्या शाळा पायऱ्यांवर पोरांना ओळीत बसवून फोटो काढतात आणि भेळ खाऊन परत येतात. मला मात्र खुमखुमी. सहल न्यायची तर पोरांनी किल्ला हाताने मोजला पाहिजे, असं मी ठरवलं. धुळ्याजवळचा लळिंग पक्का केला. मीटरमीटरवर गाठी मारलेली तीस मीटरची दोरी मी घरी बसून तयार केली. एक गट दोरीने तटबंदी मोजणार, एक गट टाक्यात पाणी किती मावत असेल याचा हिशेब करणार, एक गट दरवाजाचं चित्र काढणार. आमच्याबरोबर येणारे सर तरुण आहेत, नुकतेच लागलेत. ते म्हणाले, "बाई, एवढं करायला वेळ पुरेल का?" मी म्हटलं, पुरवायचा असतो.

सातवीतल्या एका मुलीचं संमतीपत्र येईना. ही मुलगी गावाबाहेरच्या मळ्यातून चालत यायची, वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. सांगितलेलं काम मात्र जीव ओतून करायची. फळा पूस म्हटलं तर कोपरेसुद्धा पुसायची. तिने आजवर साक्रीचा बाजार सोडून काही पाहिलेलं नव्हतं. दोनदा पत्र घरी पाठवलं, दोन्ही वेळा तसंच परत आलं. शेवटी मीच मळ्यात गेले. तिचा बाप कांद्याला पाणी देत होता. तो हात धुऊन आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, पोरीनी जात शे. एवढ्या गर्दीमा तिन्हाकडे कोन दखी?"

मी म्हटलं, "मी बघेन ना भाऊ. माझ्या मुलीसारखी नेईन."

त्याने मळ्यातल्या घराकडे पाहिलं. मुलगी दाराच्या आड उभी होती, तिची फक्त ओढणी दिसत होती. मग तो म्हणाला, "हात धरीसन लई जा, आन हात धरीसनच लई या."

मी शब्द दिला. शब्द द्यायला काय लागतं?

सहलीच्या दिवशी साडेपाचला एस.टी. शाळेसमोर येऊन उभी राहिली. सगळ्यांच्या आधी आली होती ती हीच मुलगी. बापाने तिला अंधारातून मळ्यातून आणून सोडलं होतं. माझ्या हातात तिचा हात दिला, अगदी खरोखरचा, आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. मग बाकीची पोरं आली आणि एकच कालवा झाला. यादीत चव्वेचाळीस नावं होती. त्यातली पाच आली नाहीत, कुणाला ताप, कुणाच्या घरी कार्य. आणि यादीत नसलेली तीन सकाळी पैसे घेऊन हजर. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. यादीवर एकेका नावापुढे खूण करायची, हे मला माहीत होतं. वीस वर्षं नोकरी झाली, मला माहीत नसेल तर कुणाला? पण यादी सरांच्या पिशवीत, पिशवी टपावरच्या सामानात, आणि सर कुणाच्या तरी बापाशी बोलत उभे.

मी आमच्या शाळेच्या शिपायाला म्हटलं, "आबा, तुम्ही दारात उभे राहा आणि चढताना मोजा."

आबा निवृत्तीला आलेले. शाळेचा पोषण आहाराचा तांदूळ त्यांच्याच हाताने मोजला जातो, आणि अर्धं आयुष्य त्यांनी स्वतःच्या खळ्यावर बाजरी मोजली आहे. मोजणीत त्यांचा हात धरणारा गावात कुणी नाही. ते पायरीशी उभे राहिले. मी मुलीचा हात सोडून तिला सगळ्यांत आधी वर चढवलं, आणि आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "लाभ."

मला गंमत वाटली. आमचे नानासुद्धा, म्हणजे माझे वडील, पहूरला धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत. लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. पहिलं माप बरकतीचं, त्याला आकड्यात अडकवायचं नाही. नाना जाऊन आठ वर्षं झाली. त्या थंडीत, त्या हॉर्नच्या गोंगाटात त्यांचा शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला आणि माझं मन भरून आलं. मी पुढचं ऐकलंच नाही. कौतुक वाटलं आणि मी सरांना हाक मारायला वळले.

"एक्केचाळीस," आबांनी शेवटी सांगितलं. मी तळहातावर पेनाने एक्केचाळीस लिहिलं.

किल्ल्यावर सकाळ छान गेली, हे कबूल केलं पाहिजे. पोरं टाक्यात दगड टाकत होती, मी ओरडत होते, वारा होता. दरवाजाचं चित्र काढणाऱ्या गटाने त्यात एक शेळी काढली, कारण तिथे खरोखर शेळी उभी होती. मला ते आवडलं. जेवणं झाली आणि दोरीचा गट कामाला लागला. तटबंदी मोजायची म्हणजे दोरीचं पहिलं टोक एकाने धरून उभं राहायचं, बाकीच्यांनी दोरी ताणत पुढे जायचं, तिथे खूण करायची, मग पहिलं टोक त्या खुणेवर न्यायचं. पहिलं टोक, म्हणजे शून्याचं टोक, मी या मुलीकडे दिलं. विश्वासाचं काम म्हणून दिलं.

एकदा मोजणी अर्ध्यावर असताना सरांनी पाण्याच्या गटाला बोलवायला शिट्टी वाजवली. मुलगी दचकली आणि टोक तिच्या हातून सुटलं. सगळं माप फुकट. मी तिच्यावर अशी ओरडले की शेळीसुद्धा पळाली. "शिट्टी कुणासाठी वाजली ते बघायचं काम तुझं आहे का? आता आभाळ कोसळलं तरी टोक सोडायचं नाही. मी स्वतः येऊन सांगेन तेव्हाच सोडायचं. कळलं?"

तिने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मला दिसलं आणि मी लक्ष दिलं नाही, वेळ कमी होता. दोरीचा गट पुन्हा पुढे गेला. तिथे तटाला वळण आहे. वळणापलीकडून शून्याचं टोक दिसत नाही. मी टाक्याकडे गेले, तिथे एकाची चप्पल पाण्यात पडली होती. चप्पल काढण्यात अर्धा तास गेला. मग ऊन कलायला लागलं म्हणून मीच सरांना सांगितलं, वाजवा शिट्टी, उतरायला लागू. वळणापलीकडची पोरं दोरी टाकून पलीकडच्या वाटेनेच धावत आली. सगळा घोळका ओरडत, घसरत खाली निघाला.

अर्ध्या वाटेवर एक जण म्हणाला, "बाई, दोरी वरच राहिली."

मी म्हटलं, "राहू दे दोरी. दोरीसाठी कोण चढतंय परत?"

हे वाक्य मी बोलले. आजही कुठे दोरी दिसली की ते मला ऐकू येतं.

खाली गाडीपाशी मी स्वतः पोरं मोजली. कुणावर सोपवलं नाही. एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजली. एक्केचाळीस. तळहात पाहिला. एक्केचाळीस. तरी पुन्हा मोजली, कारण मी काही बेजबाबदार नाही. एक्केचाळीसच.

धुळ्यात शिरलो. पोरांना बागेत अर्धा तास सोडायचं ठरलं होतं. सगळी उतरली तेव्हा ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर मला एक कापडी पिशवी दिसली. मी ती खिडकीतून उंच धरली आणि ओरडले, "ही कुणाची? स्वतःचं सामान सांभाळता येत नाही?" एका पोरीने मळ्यातल्या मुलीचं नाव घेतलं, आणि सगळी पोरं इकडेतिकडे बघायला लागली.

मी पुन्हा तळहात पाहिला. एक्केचाळीस तिथे तसंच होतं.

ड्रायव्हर चहाला गेला होता. गाडी वळवायची तर महामार्गावर दुभाजक संपेपर्यंत लांब जायला हवं. मी सरांना म्हटलं, पोरांना इथून हलू देऊ नका, आणि समोर आलेल्या रिक्षात बसले. रिक्षावाला माझ्याच वयाचा होता. "काय झालं अक्का, एवढी घाई?" मी म्हटलं, "सामान राहिलं किल्ल्यावर." तोंडातून तेच निघालं. खरं सांगायची हिंमत झाली नाही. तो हसला. "सामान काय कुठे जात नाही. तिथं संध्याकाळी चिटपाखरू नसतं."

चिटपाखरू नसतं. मी रडायला लागले. त्याने आरशात पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही, फक्त रिक्षा जोरात हाणली. पण रिक्षा किती हाणणार? बाजूने ट्रक जात होते, पुढे कंटेनर रांगत होता, आणि सूर्य सरळ खाली चालला होता. माझ्या हातात काहीच नव्हतं. मुलीकडे फोन नाही. किल्ल्यावर कुणाला फोन करणार? दगडांना? देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. बापाचे ओले हात आठवत होते.

रिक्षा पायथ्याशी सोडून मी चढायला लागले. सकाळी पोरांना हसतखेळत वर नेणारी मी दर पंधरा पावलांना थांबत होते. तिच्या नावाने हाका मारल्या. आवाज, ज्याचा मला एवढा अभिमान, तो चिरकून चार हातांवर पडत होता. निम्म्यावर डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी उतरताना भेटली. तिने मला नीट न्याहाळलं.

"तुम्हीच का त्या बाई? वर एक पोर दोरी धरीसन उभी शे. मी म्हनं, चाल माय, मन्हासंगे खाले. ती येवाले तयारच नही. म्हने, बाई येतीन तव्हयच." आणि मग जरा कडक आवाजात, "बोरं दिनात मी तिले. सकायपासून उभी करेल शे का पोरले?"

शिक्षा झालेल्या पोरासारखी मान खाली घालून मी तिच्या बाजूने वर गेले.

ती तिथेच होती. तटाच्या कोपऱ्याशी, खुणेच्या दगडावर पाय जुळवून, दोरीचं टोक दोन्ही हातांत घट्ट. दोरी वळणापर्यंत जमिनीवर सैल पडली होती. पलीकडे कुणी नव्हतं. तटावर बोरांच्या बिया एका ओळीत मांडलेल्या. गालावर अश्रू वाळून पांढरे झाले होते. मला पाहून ती धावत आली नाही. जागेवरूनच म्हणाली,

"बाई, मी हालनूच नही." आणि मग, "माप बरोबर भरनं का?"

मी तिथल्या धुळीत बसले आणि मोठ्याने रडले. तिला जवळ घ्यायचं, तर तीच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. एका हाताने. दुसऱ्या हातात टोक होतं, कारण सोड असं मी अजून सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा तिने ते सोडलं. तळहातावर दोरीचा लाल वळ उठला होता. मी तो हात धरला आणि खाली येईपर्यंत सोडला नाही. किती उशिरा धरला, हे मला कळत होतं.

उतरताना ती एकदाच बोलली. "बाई, मन्हा बाले सांगू नका. मंग तो माले कोठेच जाऊ देत नही."

मी पुढची पायरी बघून तिला उतरवली.

रिक्षा पायथ्याशी थांबली होती; धुळ्याला येऊन सगळे गाडीत बसलो, आणि परतीच्या वाटेवर मी आबांना विचारलं. रागाने नाही, राग करायला तोंड कुठे होतं? म्हटलं, "आबा, सकाळी तुम्ही मोजलं कसं?" आबा बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, लाभ म्हनं, आन मंग एक, दोन, तीन... आम्हना घरमा लाभ मोजनीमा धरतस नही. तो देवना."

पहूरला लाभच्या पुढे दोन येतात. आबांच्या घरी लाभच्या पुढे एक येतो. एवढंच. चूक त्यांची नव्हती; आकडा त्यांच्या रीतीने बरोबर होता. मी शेतकऱ्याची मुलगी, मी तो शब्द स्वतःच्या कानांनी ऐकला, आणि पुढे एक येतोय की दोन, एवढं ऐकायला थांबले नाही. पहिल्या सीटवर माझ्या शेजारी मुलगी बसली होती. ती आबांकडे बघत होती. पोरीच्या लक्षात आलं की नाही, मला कळलं नाही.

गाव आलं तेव्हा बाप दिवसभर तिथेच असल्यासारखा शाळेच्या फाटकाशी उभा होता. मी हात धरूनच तिला उतरवलं. त्याने आमच्या हातांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा सैल झाला. "लई उशीर करा बाई." मी तोंड उघडलं. सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते. पण तिने माझा हात दाबला आणि बापाला म्हणाली, "बाईसनी मन्हा हात सोडाच नही."

मागे आबा उभे होते, सर उभे होते, एक्केचाळीस पोरं उभी होती. कुणी हूं की चूं केलं नाही. खरं बोलावं तर या पोरीचं जग पुन्हा बाजारापुरतं होणार, आणि तिच्यामागून येणाऱ्या पोरींचंही. गप्प राहावं तर बारा वर्षांच्या मुलीच्या खोट्यावर मी तरून जाणार. मी गप्प राहिले. बाप मला हात जोडून गेला. ते हात जोडणं मला अजून सोसत नाही.

गावात कुणाच्या पोटात काही राहत नाही म्हणतात, पण पोरांनी ही गोष्ट पोटात ठेवली. निदान माझ्या कानावर कधी आली नाही. बापाला कळलं असेल का? विचारायची सोय नाही. मी वर्गात आता कमी ओरडते. पोरांना वाटतं, बाईंची तब्येत बरी नसते.

या हिवाळ्यात पुन्हा पत्र आलं. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, पालक तुमच्याशिवाय मुली सोडत नाहीत बाई. संमतीपत्रं पहिल्याच दिवशी परत आली. मळ्यातून दोन आली, कारण तिची धाकटी बहीणही आता पाचवीत आहे.

सहलीच्या पहाटे बाप दोघींना घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. म्हणाला, "आते माले काही फिकीर नही. तुमना हातमा देस." धाकटीचा हात त्याने माझ्या हातात ठेवला. मी पुन्हा तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. दुसऱ्या हातात यादी होती, पेन उघडून ठेवलेलं.

आबा सवयीने पायरीशी उभे राहिले होते. थोरली आधी चढली. आबांचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच थांबला. तिने मान वर केली आणि हळूच, पण मला आणि तिच्या बापाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"आबा, माले लाभ नका म्हनू. एक म्हना."

बाप हसला, पोरीची गंमत वाटली असावी, किंवा नसावी. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "एक," ते म्हणाले.

मी यादीवर तिच्या नावापुढे खूण केली, आणि त्याच्या खालचं नाव मला काही केल्या वाचता येईना.